दुसऱ्या कागदावरची नावं

आमच्या घरी कोंबड्याआधी घाणा ओरडायचा. निलंग्याच्या पेठेमागच्या गल्लीत आमचं दोन खणांचं घर होतं आणि घराला लागून घाण्याची खोली. अप्पा पहाटे उठून बैलाच्या डोळ्यांवर झापड बांधायचे, घाण्यात करडी टाकायचे आणि घाण्याची लाकडी लाट फिरायला लागली की तिची करकर आमच्या पांघरुणात शिरायची. त्या आवाजात आम्हाला झोपही लागायची आणि जागही यायची. तेलाचा वास तर घरात इतका मुरलेला होता की आम्हाला तो जाणवायचाच नाही. शाळेत माझ्या शेजारी बसणारी मुलगी म्हणायची, "नंदा, तुझ्या वहीवर भाकरी कुस्करून खावी वाटते बघ." ती चेष्टा करायची की कौतुक, हे मला कधी समजलं नाही. सकाळचं खाणं रोज एकच असायचं. तव्यावरची ज्वारीची भाकरी, तिच्यावर जवसाची चटणी, चटणीला बोटाने खळगा करून त्यात ताज्या तेलाची धार. पुढे आयुष्यात पुष्कळ ठिकाणी पुष्कळ काही खाल्लं. पण भूक लागली असं म्हटलं की अजूनही डोळ्यांपुढे तोच खळगा येतो.

आमची आई, अव्वा, कमी बोलायची. ती मूळची पलीकडच्या, कर्नाटकातल्या गावची. रागावली की कानडीत रागवायची आणि लाड करायची तेही कानडीतच, त्यामुळे दोन्हीतला फरक आवाजावरून ओळखावा लागे. अप्पांचं उलटं. तेल मोजता मोजता त्यांचं तोंड चालू असायचं, आणि तेल गाळायला वेळ लागतो म्हणून गिऱ्हाईकालाही ऐकत बसावं लागायचं. भिंतीवर माझ्या थोरल्या भावाचा, अण्णाचा, फौजी पोशाखातला फोटो होता. नवीन माणूस आला आणि त्याची नजर तिकडे गेली की अप्पा म्हणायचे, "आमचा काशिनाथ. सरहद्दीवर गोळी लागली त्याला." मग पुढची गोष्ट यायची. चौकी, पहाटेचं धुकं, समोरून आलेला गोळीबार, अण्णाने मागे न हटणं, छातीत लागलेली गोळी. वर्षानुवर्षं सांगून ती गोष्ट गुळगुळीत झाली होती. कुठे थांबायचं, कुठे मापातलं तेल खाली ठेवायचं, सगळं ठरलेलं. मलाही ती पाठ होती. वर्गात कुणी विचारलं तर मी अप्पांच्याच शब्दांत सांगायचे.

अण्णा माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. मधली दोन मुलं राहिली नाहीत, म्हणून मला तो भावापेक्षा धाकट्या काकासारखाच वाटायचा. लातूरला भरती होती तेव्हा तो दोन मित्रांबरोबर नुसता बघायला म्हणून गेला होता. मित्र परत आले आणि हा भरती झाला. अप्पा दोन दिवस जेवले नाहीत. घाणा कोण चालवणार, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो खराच होता. पुढे लढाई सुरू झाली तेव्हा पेठेतल्या एकुलत्या एका रेडिओपुढे अप्पा रोज जाऊन बसायचे. लढाई संपली आणि अण्णाचं पत्र आलं, मी सुखरूप आहे, आता आसामच्या बाजूला आहे, इकडे झाडी फार आहे. अप्पांनी गल्लीत पेढे वाटले. मला त्यातला एकच मिळाला, हे मी बरीच वर्षं विसरले नव्हते.

त्यानंतरच्या पावसाळ्यात आमच्याकडे पाऊस आला नाही. आधीच्या साली कमी आला होता, त्या साली आलाच नाही. घाण्याला करडी मिळेना, मग घाणा थांबला. बैल गुरांच्या छावणीत नेऊन बांधला. पहाट झाली तरी घरात आवाज नसायचा आणि त्या शांततेने मला जाग यायची. रेशनवर मिलो नावाची परदेशी लाल ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापताना चिरायची आणि गिळताना घशात अडायची. अव्वा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. शाळेत सुकडी मिळायची, ती मी अर्धी खाऊन अर्धी रुमालात बांधून घरी आणायचे. आणि पाणी. आमचा आड आटला होता. गावाबाहेरच्या बारवेत टँकर पाणी ओतायचा आणि बायका घागरी घेऊन पायऱ्यांवर तासन् तास उभ्या असायच्या. एका घागरीवरून दोन जावांनी एकमेकींची डोकी फोडलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहेत.

त्याच दिवसांत एक तार आली आणि आठवड्याभराने एक पत्र आलं. दोन्ही इंग्रजीत. गावात इंग्रजी आलं की शाळेचे हेडमास्तर वाचून दाखवत. तार वाचून त्यांनी टोपी काढली, एवढं मी पाहिलं. पत्र आलं तेव्हा अप्पा एकटेच त्यांच्याकडे गेले. परत आले ते गोळीची गोष्ट घेऊन. लढाई संपली होती, पण सरहद्दीवर काही ना काही चालूच असतं, असं सगळे म्हणाले. अंत्यविधी तिकडेच झाला होता. आमच्यात पुरतात, समाधी देतात. पोराला जाळलं, याचं अव्वाला मरणाइतकंच लागलं. स्वामींना बोलावून काहीतरी विधी केला, तो मला नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की त्या दिवशी पाय धुवायला स्वामींना तांब्याभरच पाणी दिलं आणि त्यांनीही ते जपून वापरलं.

अव्वा रडली नाही असं नाही. पण खडीवर जाणं तिने चारच दिवस चुकवलं. पाचव्या दिवशी ती हातोडी घेऊन निघाली तेव्हा अप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे की." ती गेली. हे मी आज लिहिते आहे ते कौतुक म्हणून नाही. तेव्हा असंच होतं. घरोघर काहीतरी झालेलं होतं आणि हजेरीपटावर नाव लागायला पाहिजे होतं.

दहाएक वर्षं गेली. घाणा पुन्हा सुरू झाला, बैल बदलला. मी मॅट्रिक झाले आणि लातूरला कॉलेजात आले. वसतिगृहात राहायचे, शनिवारी एसटीने निलंग्याला. लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. दुकानांच्या पाट्यांवर 'जि. उस्मानाबाद' खोडून 'जि. लातूर' रंगवलं जात होतं आणि जुना रंग खालून दिसायचा. जिकडेतिकडे चुन्याचा आणि ओल्या सिमेंटचा वास. नव्या जिल्ह्याला सगळंच नवं पाहिजे होतं, कचेऱ्या, पटांगण, पुतळे. त्यातच जिल्ह्यातल्या शहीद जवानांसाठी एक स्तंभ उभारायचं ठरलं. मी कॉलेजच्या छात्रसेनेत होते. माझा आवाज मोठा आणि सरळ, तेल्याच्या घरात घाण्यावरून ओरडून ओरडून झालेला. समारंभात शहिदांची नावं वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी त्याच दिवशी घरी कार्ड टाकलं: अण्णाचं नाव दगडावर कोरणार आहेत आणि ते मी वाचणार आहे. कुणालाही काही न विचारता मी हे लिहिलं. मला विचारावंसंही वाटलं नाही.

समारंभाची तालीम उदगीरचे एक निवृत्त सुभेदार घेत होते. करीमसाब नाव त्यांचं. साठीचे, पाठ सरळ, मिश्या मेंदीने लाल केलेल्या. मुलींशी बोलताना ते कधी आवाज चढवत नसत, आणि म्हणूनच आम्ही त्यांना घाबरायचो. समारंभाच्या आदल्या शुक्रवारी त्यांनी माझ्या हातात दोन कागद दिले. पहिल्या कागदावर लढाईत पडलेल्यांची नावं होती. मी बोट लावून वरून खाली वाचत गेले, पुन्हा खालून वर आले. अण्णाचं नाव नव्हतं. दुसऱ्या कागदावर सहाच नावं होती आणि वर लिहिलं होतं, सेवेत असताना मृत्यू. चौथ्या ओळीत अण्णाचं नाव, बापाचं नाव, गाव निलंगा, आणि पुढे: पुरात नदी ओलांडताना ट्रक वाहून गेल्याने बुडून मृत्यू.

मी ते तीनदा वाचलं. अक्षरं टाइप केलेली होती, शंकेला जागा नव्हती.

"सुभेदारसाहेब, हे चौथं नाव माझ्या भावाचं आहे."

त्यांनी कागद हातात घेतला, लांब धरून वाचला. "सगा भाऊ?"

"सख्खा. पण तो गोळी लागून गेलाय."

"कोन सांगितलं?"

"अप्पांनी."

करीमसाबांनी कागद परत माझ्या हातात दिला. मग त्यांनी मला सावलीत नेऊन बसवलं. "बेटा, कागद पलटनीकडून आलाय. कागद बरोबर हाय."

"मग दगडावर?"

"दगडावर पहिला कागद. कमिटीत तसं ठरलंय, लढाईत गेले ते दगडावर. मी लई बोललो. म्हनलो, ट्रक चालवनारा फौजी न्हाई का? बर्फात गारठून मेला तो काय सैर करायला गेलता? न्हाई ऐकले. शेवटी म्हनलो, दगड तुमचा, तोंड तर माझं. नावं तरी दोन्ही कागदांची वाचू द्या. तेवढं मानले."

"नुसती नावं वाचली तर चालेल? कसे गेले ते नको."

 मी का विचारते आहे हे त्यांना कळलं होतं. "पहिल्या कागदाला कसा गेला ते वाचायचं आन दुसऱ्याला गाळायचं, तर लोक काय म्हनतील? म्हनतील, लपवन्यासारखं कायतरी केलं आसंल. ह्यात एक पोरगा न्युमोनियानं गेलाय. त्याचा बाप काय समजंल? तुला न्हाई जमत तर मी दुसऱ्या पोरीला देतो. त्यात शरम न्हाई. पन वाचायचं तर पुरं वाचायचं."

शनिवारी दुपारच्या गाडीने मी निलंग्याला गेले. अव्वा शेजारी पापड लाटायला गेली होती. अप्पा घाण्याच्या खोलीत तेल गाळत बसले होते. मी ती चौथी ओळ एका चिठ्ठीवर उतरवून आणली होती. ती त्यांच्यापुढे धरली. ते वाचायला शिकलेले होते, हळूहळू वाचायचे. वाचलं आणि चिठ्ठी परत माझ्याकडे केली. बैल फिरतच होता. त्यांनी उठून त्याला थांबवलं. घाणा मधेच थांबवलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हाव."

"पहिल्यापासून?"

"गुरुजी वाचून दाखवले की. सगळं लिवलेलं होतं त्यात." त्यांनी हात पेंडीला पुसले. हेडमास्तर वारून तेव्हा पाच वर्षं झाली होती.

"मग गोळी कुठून आली, अप्पा?"

"येताना बारवेपाशी गल्लीतला बसप्पा भेटला. म्हणला, कसा गेला पोरगा? बायका हुभ्या होत्या लाईनीत. तुझी आई बी हुभी होती, दोन घागरी घिऊन. सगळ्या माझ्याकडं बघायलत्या. आता तूच सांग, माय. त्या साली, त्या पायरीवर हुभं ऱ्हाऊन, पोरगं पाण्यात बुडून मेलं म्हणू कसं? एक घागर पाण्यासाठी जी बाई सकाळपासून उन्हात हाय तिला? तोंडातनं गोळी निघाली. निघाली ते निघाली. फुडं ती माघारी घेता यीना."

 मला राग आला होता, पण तो कशाचा ते मला सांगता आलं नसतं. दहा वर्षं मी ती गोष्ट लोकांना सांगितली होती, बहुधा त्याचाच.

"अव्वाला आज सांगा. तिथे सगळ्यांसमोर कळण्यापेक्षा."

"तूच सांग."

"मी नाही सांगणार. गोष्ट तुमची आहे."

त्यांनी तेलाचं फडकं पिळलं. "काशीचं नाव वाच आन फुडचं गाळ की. कोणाला कळतंय?"

"एकाचं गाळलं तर सगळ्यांचं गाळावं लागेल."

"मग गाळ सगळ्यांचं," असं म्हणून त्यांनी बैलाला पुन्हा हाकलं. लाटेच्या आवाजात पुढे बोलणं शक्य नव्हतं, आणि त्यांनाही तेच पाहिजे होतं.

अव्वा आली. तिने माझ्यासाठी धपाटे केले, ताकातली कढी केली. समारंभाला नेसायचं हिरवट इरकली लुगडं तिने पेटीतून काढून उशाखाली दाबून ठेवलं होतं. मी जेवत होते आणि ती समोर बसली होती. तिने विचारलं, "दगडाला हात लावू देतात काय गं? मला वाचता येत न्हाई. तू नाव दाखीव, मी हात फिरवीन." मी म्हणाले, "गर्दी असते अव्वा. बघू." दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी लातूरला परत आले. आयुष्यात मी पुष्कळदा भित्रेपणा केला आहे, कुणीही करतो. पण त्यातला पहिल्या नंबरचा कुठला असं विचारलं तर मी त्या रात्रीचं 'बघू' सांगेन.

समारंभ सोमवारी होता. पटांगणात मांडव, खुर्च्या, बाजूला पोलिसांचा बँड. पाहुणे मुंबईहून यायचे होते आणि ते दीड तास उशिरा आले. ऊन चढलं. निलंग्याहून जीप वेळेवर आली होती. अप्पांनी ती ठरवून गल्लीतली सहा माणसं बरोबर आणली होती, बसप्पासुद्धा. अप्पा पुरुषांत बसले, अव्वा बायकांच्या तिसऱ्या रांगेत, डोक्यावर पदर घट्ट ओढून. मी स्तंभाशेजारी माइकपाशी उभी होते, अंगात खाकी, पायात घट्ट बूट. काळा दगड नुकताच घासलेला, त्यात अक्षरं पांढऱ्या रंगाने भरलेली. भाषणं झाली. मला त्यातलं एक वाक्यही आठवत नाही. मग करीमसाबांनी मान हलवली.

पहिला कागद मी वाचला. प्रत्येक नावाला पुष्पचक्राजवळचा एक शिपाई फूल ठेवायचा. कागद संपला तेव्हा पाहुणे उठायला लागले, कारण त्यांना वाटलं झालं. करीमसाबांनी अदबीने हाताने खूण केली आणि ते पुन्हा बसले. मी दुसरा कागद वर घेतला. त्या क्षणापर्यंत काय वाचायचं हे मी ठरवलेलं नव्हतं, असं मी पुढे कित्येकांना सांगितलं. ते खरं नाही. पहिलं नाव न्युमोनियाने गेलेल्या पोराचं होतं, आणि ते पूर्ण वाचायचं हे मी सकाळी बूट बांधतानाच ठरवलं होतं. ते पूर्ण वाचलं की पुढचं सगळं ठरतच होतं.

पहिलं वाचलं. दुसरं वाचलं. तिसरं नाव अहमदपूरकडच्या एका धनगराच्या पोराचं होतं. नाव, बापाचं नाव, गाव वाचून मी पुढचं वाचणार तोच मांडवाच्या अगदी मागून, जिथे उभी गर्दी होती तिथून आवाज आला, "हाय जी!" सगळ्यांनी मागे बघितलं. खांद्यावर घोंगडी, हातात काठी असलेला एक म्हातारा पुढे सरकत होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. तो बाजाराला आला होता आणि बँड वाजताना ऐकून थांबला होता, हे नंतर कळलं. आपलं नाव पुकारलं असं वाटून त्याने हजेरी दिली होती. एक पोलीस त्याच्याकडे निघाला. करीमसाब स्टेजवरून उतरले, पोलिसाला मागे सारून म्हाताऱ्यापाशी गेले आणि म्हणाले, "पोराचं नाव घ्यायलेत, बाबा. हितं हुभे ऱ्हावा माझ्याजवळ." म्हातारा तिथेच उभा राहिला. मी वाचलं, "पहाऱ्यावर असताना बर्फ कोसळून मृत्यू." तो मान हलवत होता, होय होय, असंच झालं होतं, अशी.

मग मी अण्णाचं नाव वाचलं. माझा आवाज कापला नाही. कापेल असं मला वाटलं होतं. बुडून मृत्यू, हेही वाचलं. बायकांच्या रांगेकडे मी बघितलं नाही, पुरुषांच्याही नाही. पुढची दोन नावं वाचली, कागदाची घडी घातली आणि दोन पावलं मागे सरले. बिगुल वाजला.

मांडव मोकळा व्हायला लागला तेव्हा अव्वा सरळ स्तंभापाशी आली. तिने दगडावर हात ठेवला आणि वरपासून खालपर्यंत सगळ्या नावांवरून फिरवला. मी शेजारी जाऊन उभी राहिले.

"ह्यात न्हाई न्हवं?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि पदराने हाताला लागलेला रंग पुसला.

मी छात्रसेनेच्या सरांची परवानगी काढून त्याच जीपने घरी निघाले.  गल्लीतली माणसं खिडकीबाहेर बघत होती. ज्याला दहा वर्षांपूर्वी पहिली गोळी सांगितली गेली तो बसप्पा ड्रायव्हरशेजारी बसून उगाच तंबाखू मळत होता. लामजन्याच्या फाट्यावर जीप थांबली आणि सगळे चहाला उतरले, जरा घाईनेच उतरले. अव्वा उतरली नाही, म्हणून अप्पाही बसून राहिले, आणि मीही.

"कोणती नदी?" अव्वाने विचारलं.

अप्पांनी नदीचं नाव सांगितलं. नीट उच्चारता आलं नाही त्यांना. गोळीची गोष्ट ते एका दमात सांगायचे. ही त्यांना एकेक शब्द शोधून सांगावी लागत होती. पूल वाहून गेला होता. पलीकडे अडकलेल्या माणसांना धान्य न्यायचं होतं. ट्रक पाण्यात घातला. मधे गेल्यावर फिरला.

"एकटाच होता?"

"न्हाई. चौघं होते."

"चौघं बी गेले?"

"चौघं बी."

अव्वाने समोरच्या सीटची कड धरली. मग ती म्हणाली, "दहा वर्षं मी त्याला एकटाच बघत आले. उन्हात पडलाय, छातीत गोळी, आन पाणी मागायलाय. आन कोणी देणारं न्हाई." तिचा आवाज चढला नव्हता. "रोज. घागर भरताना रोज."

अप्पांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. माणूस रडताना खांदे हलतात असं म्हणतात, त्यांचे हलत नव्हते. ते नुसते तसेच बसून राहिले. अव्वाने त्यांच्याकडे बघितलं नाही, पण ती सरकलीही नाही. थोड्या वेळाने तिने मला सांगितलं, "चहा आण. त्यास्नी बी आण."

त्या दिवसानंतर अप्पा फोटोची गोष्ट सांगायचे थांबले नाहीत. पण ती लहान झाली. "नदीत गेला. चौघं होते," एवढीच. गल्लीने कुजबुज केली, चार महिने केली, आणि मग तिला दुसरे विषय मिळाले. मी पुढे शिक्षिका झाले, लग्न होऊन नांदेडला आले. आता विष्णुपुरीच्या बाजूला राहते. गच्चीवरून धरणाचं पाणी लांबपर्यंत दिसतं. अव्वा इथे एकदाच राहायला आली. गच्चीवर ती खुर्ची उलट्या दिशेला, गावाकडे तोंड करून मांडायची. मी काही विचारलं नाही.

पण एक गोष्ट त्या वर्षाचीच सांगायची राहिली. समारंभानंतर आठ दिवसांनी मी घरी गेले तर अव्वाने विचारलं, "बाकीचे तिघं कोण?" अप्पांना माहीत नव्हतं. ते पत्र केव्हाच कुठेतरी गेलं होतं. करीमसाबांच्या सांगण्यावरून मी पलटणीला पत्र लिहिलं. पाच महिन्यांनी उत्तर आलं, त्यात तिघांची नावं आणि गावं. एक साताऱ्याकडचा, एक बेळगावकडचा, एक खानदेशातला. मी वाचून दाखवली. अव्वा म्हणाली, "त्यांच्या आयांना कोणी कळवलंय का, चौघं संगं होते म्हणून?" मग तिने मला तीन पत्रं लिहायला लावली. काय लिहायचं ते ती सांगत होती आणि मी लिहीत होते. फार काही नव्हतं. तुमचा मुलगा आणि आमचा मुलगा एका गाडीत होते. एवढंच.

दोघांकडून काही आलं नाही. साताऱ्याकडच्या आईचं उत्तर आलं, कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं, शाईचे डाग पडलेलं. त्यात लिहिलं होतं, "आमचा दत्तू पट्टीचा पोहणारा होता. गावच्या पुरात म्हशीसुद्धा काढायचा. तो का निघाला नाही हे आम्हाला इतकी वर्षं कळत नव्हतं. तुमचं पत्र वाचून वाटतं, कुणाला तरी धरून राहिला असेल."

मी वाचून थांबले. अव्वा भाकरी थापत होती. तिने पुन्हा वाच म्हटलं, मी पुन्हा वाचलं. तव्यावरची भाकरी करपली, ती तिने काढली नाही.

"लिही त्या बाईला," ती म्हणाली. "आमच्या काशीला पवता येत नव्हतं. एवढंच लिही."

मी लिहिलं, आणि टपालपेटीत टाकून आले.